कागद टिकतो, पान हरवते

१ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात बिल्डरला घरांची जाहिरात क्यूआर कोडशिवाय करता येत नाही. वर्तमानपत्राचे अर्धे पान असो, चौकातले होर्डिंग असो की स्टेशनबाहेर हातात कोंबले जाणारे हँडबिल, महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता यांच्या शेजारी तो काळा-पांढरा चौकोन हवाच. नसला तर १०,००० ते ५०,००० रुपये दंड. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की महारेराच्या संकेतस्थळावरचे त्या प्रकल्पाचे पान उघडते. बिल्डर कोण, मंजुऱ्या कोणकोणत्या, ताबा कधी द्यायचे कबूल केले आहे, कोर्टात काही चालू आहे का, सगळे तिथे. जाहिरातीत कारंजे, हिरवळ आणि हसरे कुटुंब असते. पानावर मजले आणि तारखा असतात. जाहिरातदाराच्याच पैशाने, त्याच्याच जाहिरातीत, त्याच्याविषयीची सरकारदप्तरी नोंद वाचकापुढे ठेवणारी ही युक्ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत हुशार वाटते.

योगायोग असा की त्याच तारखेपासून देशातल्या सर्वाधिक खपाच्या ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनावरही बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. डोलो, कॅलपॉल अशी घरोघरची नावे त्यात आहेत. औषधाचे मूळ नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक ही माहिती कोडमधून मिळायला हवी, असा नियम आहे. पाठ्यपुस्तकात धड्याच्या डोक्यावर कोड आहे, लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाच्या पत्त्याखाली कोड आहे, दिवाळी अंकातल्या सराफाच्या जाहिरातीत तर आहेच आहे. छापील कागदाला वेबसाइटची अशी खिडकी पाडण्याची जणू लाट आली आहे. तिच्यातले उपयोगाचे कोणते आणि नुसता नखरा कोणता, हे ठरवताना लोक कोडचा आकार, रंग, मधला लोगो यांवर खल करतात. मला त्याऐवजी दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. हा कागद किती दिवस जगणार आहे? आणि पलीकडचे पान किती दिवस?

मुळात हा चौकोन वेबसाइटसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमध्ये, टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने तो तयार केला. कारखान्यात बारकोड होते, पण एका बारकोडात जेमतेम २० अक्षरे मावत. त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि ते एकेक करून वाचताना कामगार मेटाकुटीला येत. माहिती आडवी आणि उभी, दोन्ही दिशांनी भरायची कल्पना हारांना गो या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून सुचली. पण खरी अडचण पुढे होती. यंत्राने भोवतालच्या मजकुरातून कोड नेमका हुडकायचा कसा? त्यासाठी तीन कोपऱ्यांत तीन खुणेचे चौकोन ठेवायचे ठरले, पण असा चौकोन इतर छपाईत चुकूनही सापडता कामा नये. मग हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिके, हँडबिले, पुठ्ठ्याची खोकी असा ढीगभर छापील माल तपासला आणि त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कोणते प्रमाण सर्वांत कमी आढळते ते शोधून काढले. ते निघाले १:१:३:१:१. कोपऱ्यातला चौकोन मध्यातून, कुठल्याही कोनात कापत गेलात तरी हेच प्रमाण मिळते. आज कागद आणि इंटरनेट यांच्यामध्ये उभी असलेली ही खूण अशी छपाईच्या अभ्यासातूनच आली आहे. जाहिरात क्षेत्रातल्या मंडळींना हे सांगितले की ती चकित होतात.

डेन्सोने पेटंट घेतले, पण प्रमाण नमुन्यानुसार कोड बनवणाऱ्या कोणाकडूनही पैसे मागितले नाहीत. २००० साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. कोड फुकट नसता तर पानाच्या टपरीवर तो आलाच नसता.

कागदावरून वेबवर नेण्याची धडपड मात्र दुसरीकडे चालू होती, आणि तिचा पहिला मोठा प्रयोग सपशेल फसला. २००० साली अमेरिकेत डिजिटल कन्व्हर्जन्स नावाच्या कंपनीने ‘क्यूकॅट’ नावाचे मांजराच्या आकाराचे एक स्कॅनर काढले. ‘वायर्ड’ आणि ‘फोर्ब्स’च्या वर्गणीदारांना ते फुकट घरपोच पाठवले, रेडिओशॅकच्या दुकानांत फुकट वाटले. मासिकातल्या जाहिरातीशेजारच्या तिरप्या रेघांवरून मांजर फिरवायचे की संगणकावर त्या कंपनीची वेबसाइट उघडायची. म्हणजे मासिक हातात घेऊन संगणकापाशी बसायचे, वायर जोडायची, मांजर फिरवायचे आणि एवढे करून पाहायची काय, तर जाहिरात! वापरणाऱ्यांची माहिती फुटल्याचेही प्रकरण झाले. लोकांनी ती मांजरे कपाटात टाकली आणि कंपनी बुडाली.

क्यूकॅटच्या अपयशाची कारणे पंधरा वर्षे लोकांनी विसरून विसरून पुन्हा अनुभवली. जपानमध्ये २००२ पासून मोबाइलमध्येच कोड वाचायची सोय आली आणि तिथे हे चालून गेले. अमेरिका-युरोपात मात्र वेगळे ॲप उतरवून घ्यावे लागे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये स्वतःचा रंगीत त्रिकोणांचा ‘टॅग’ आणला आणि २०१५ मध्ये तो बंद केला. तेव्हा ज्यांनी मासिकांतून असे टॅग छापले, त्यांच्या अंकात आता नुसती रंगीत नक्षी उरली आहे. चित्र पालटले ते २०१७ मध्ये आयफोनचा नेहमीचाच कॅमेरा कोड वाचू लागला तेव्हा. अँड्रॉइडवरही तशी सोय आली. आणि आपल्याकडे ही सवय लावली ती ना मासिकांनी ना जाहिरातदारांनी. नोटाबंदी आणि यूपीआय यांनी लावली. भाजीवालीच्या गाडीला टांगलेल्या पुठ्ठ्याने सबंध देशाला मोबाइल कसा धरायचा ते शिकवले. त्या पुठ्ठ्यावरच्या कोडात वेबसाइट नसते, पैसे कुठे पाठवायचे त्याचा पत्ता असतो. पण हात एकदा वळला तो वळला.

शाळेने मात्र ही वाट थोडी आधीच धरली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोडमागे कवितांचे ध्वनिमुद्रण, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टी, स्वाध्याय असे साहित्य होते. २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचे जाहीर केले. २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांबद्दल तीच घोषणा केली. डिसले गुरुजींना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटून टाकली, म्हणून तो जगभर गाजला. कौतुक बक्षिसाचे आणि त्या दिलदारपणाचे झाले. पाठ्यपुस्तकातल्या कोडची रचना मात्र फारशी कोणी पाहिली नाही, आणि मला तीच जास्त पाहण्यासारखी वाटते.

२०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ व्यासपीठाचा कोड ज्या पुस्तकात आहे, ते उघडून पाहा. चौकोनाच्या खाली इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून सहा चिन्हे छापलेली असतात. कोडमध्ये व्हिडिओचा थेट पत्ता नाही. आत आहे तो दीक्षाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि ही सहा चिन्हे. कोणत्या चिन्हांना कोणता धडा जोडायचा ते पलीकडच्या सर्व्हरवर ठरते. म्हणजे उद्या व्हिडिओ बदलला, चुकीचा निघाला, जास्त चांगला मिळाला, तरी पुस्तकाला हात लावावा लागत नाही. आणि पान फाटले, त्यावर दप्तरातल्या डब्याचे तेल सांडले, कॅमेऱ्याची काच तडकली, तरी ती सहा चिन्हे ॲपमध्ये टाइप केली की धडा उघडतो. शिवाय एकदा उतरवून घेतलेला धडा नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतो. धाकट्या भावंडाकडे जाणारे पुस्तक, रेंज नसलेले गाव आणि आईबापाचा एकच मोबाइल, हे सगळे कोणीतरी डोळ्यांसमोर ठेवलेले दिसते. कोडमागे ठेवायचे काय, हा मात्र वेगळा प्रश्न. कवितेची चाल, विरघळणाऱ्या मिठाचा प्रयोग, कोरकू बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत समजावणे या गोष्टी कागदाला जमत नाहीत, तिथे कोड हवा. पुस्तकातलाच मजकूर कोणी कॅमेऱ्यापुढे वाचून दाखवत असेल, तर तो न लावलेला बरा.

आता थोडे छापखान्यात जाऊ, कारण निम्मे कोड तिथेच मरतात.

कोड म्हणजे लहान काळ्या-पांढऱ्या घरांची जाळी. सर्वांत लहान जाळी २१ गुणिले २१ घरांची, सर्वांत मोठी १७७ गुणिले १७७ घरांची. जितकी अक्षरे जास्त तितकी घरे जास्त आणि त्याच जागेत प्रत्येक घर तितके बारीक. पंचवीस अक्षरांचा आटोपशीर पत्ता असेल तर एका बाजूला २५ घरांच्या जाळीत भागते. दोन सेंटिमीटरच्या चौकोनात एकेक घर ०.८ मिलिमीटरचे होते. तोच पत्ता मार्केटिंगवाल्यांनी मोहिमेचे नाव, माध्यमाचे नाव, शहराचे नाव अशा शेपट्या जोडून दीडशे अक्षरांचा केला, की जाळी ४९ घरांची होते आणि घर ०.४ मिलिमीटरवर येते. चकचकीत आर्ट पेपरवर तेही निभते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, पांढरी घरे भरून येतात आणि कॅमेरा नुसता शोधत बसतो. म्हणून मुरलेला मुद्रक कोड नेहमी फक्त काळ्या शाईत घेतो. चार रंग एकावर एक चढवून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली, तरी कडा धूसर होतात.

कोड बिघडण्याची दुसरी जागा म्हणजे कोडभोवतीची पांढरी मोकळी पट्टी. नियमाप्रमाणे ती चारही बाजूंनी चार घरांइतकी हवी. डीटीपी करणाऱ्याला मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. तो कोड फोटोवर चढवतो, भोवती सोनेरी किनार काढतो, जागा पुरत नाही म्हणून आडवा ताणतो. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर धाडलेला, आधीच दाबून दाबून भुरका झालेला स्क्रीनशॉट कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये मोठा करून लावला जातो, हा प्रकार तर रोजचा. रेषांच्या स्वरूपातली मूळ फाइल मागून घ्यायला दोन मिनिटे लागतात; पाच हजार प्रती छापून झाल्यावर ती दोन मिनिटे फार महाग पडतात. प्रूफ तपासताना शुद्धलेखन सगळेच पाहतात. कोड स्कॅन करून पाहणारा, तोही छापलेल्या कागदावरून आणि एखाद्या जुन्या मोबाइलने, विरळाच.

बरे, मधल्या लोगोचे काय? कोडमध्ये चूक भरून काढायची सोय असते. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली ती पद्धत. ओरखडे पडलेली सीडी वाजायची तीही हिच्याच जोरावर. चार पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. लोगो मधोमध बसतो तो या राखीव साठ्यातून. पण साठा लोगोने खाल्ला की घडी, डाग, सुरकुती यांच्यासाठी काही उरत नाही. कारखान्यातल्या तेलकट हातांसाठी ठेवलेली सवलत आपण सजावटीवर उधळतो.

होर्डिंगबाबत छपाईच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब वापरतात: जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या एक दशांश कोड मोठा हवा. पंधरा मीटरवरून टिपायचा तर दीड मीटरचा चौकोन. द्रुतगती मार्गावरच्या फलकाच्या कोपऱ्यात ताटाएवढा कोड लावणाऱ्यांनी तो नेमका कोणी, कुठे गाडी थांबवून टिपायचा, याचा विचार केला असेल असे वाटत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. समजा किल्ल्यांवरच्या पुस्तिकेत मराठी विकिपीडियावरच्या ‘शिवनेरी’ या पानाचा कोड द्यायचा आहे. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता छान देवनागरीत दिसतो. तो कॉपी करून चिकटवला की मात्र टक्क्यांच्या चिन्हांची माळ उमटते, कारण वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांत लिहिले जाते, आणि काना, मात्रा, वेलांटी हीही वेगवेगळी चिन्हे धरली जातात. शिवनेरी म्हणजे श, वेलांटी, व, न, मात्रा, र, वेलांटी अशी सात चिन्हे; त्यांची झाली ६३ अक्षरे. पत्त्याच्या आधीच्या भागाची ३० मिळवून ९३. रोमन लिपीतले नाव सात-आठ अक्षरांत आटोपले असते. जिथे २९ घरांची जाळी पुरली असती तिथे ४१ घरांची लागते. म्हणून मराठी प्रकाशकाने मजकूर मराठीत ठेवावा, पण कोडसाठीचा पत्ता आखूड आणि रोमन अक्षरांत किंवा आकड्यांत घ्यावा. यात भाषाभिमानाचा प्रश्न आणायचे कारण नाही. हा शाईच्या पसरण्याचा प्रश्न आहे.

भाषेची याहून देखणी सोडवणूक ब्रिटनमध्ये झाली. २०११ मध्ये डर्बीच्या संग्रहालयासाठी रॉजर बॅमकिन आणि टेरेन्स ईडन यांनी ‘क्यूआरपीडिया’ उभारले. वस्तूशेजारी एकच कोड. तो टिपणाऱ्याच्या मोबाइलची भाषा ओळखून त्या भाषेतला विकिपीडियाचा लेख उघडतो. जपानी पर्यटकाला जपानी, फ्रेंचाला फ्रेंच. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या मॉनमथ या गावाने शाळा, पूल, दुकाने, इमारती यांवर हजाराहून अधिक कोड लावले आणि स्वतःला जगातले पहिले विकिपीडिया-गाव म्हणवून घेतले. काही कोड तर टिकावेत म्हणून मातीच्या भाजलेल्या फरशांवर उमटवले. मोबाइल मराठीत असेल तर तिथेही मराठी लेख उघडू शकतो. अट एवढीच की तो कोणीतरी लिहिलेला असला पाहिजे.

क्यूआरपीडिया उभारणाऱ्यांनी या कोडपलीकडच्या पत्त्याची मालकी २०१३ मध्ये विकिमीडियाच्या ब्रिटनमधल्या संस्थेकडे सोपवली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हाच भाग बहुतेक जण विसरतात. नेदरलँड्सच्या टांकसाळीने २०११ मध्ये आपल्या इमारतीच्या शताब्दीनिमित्त क्यूआर कोड असलेले नाणे काढले. त्या काळी कोड टिपला की खास त्या प्रसंगासाठी केलेली वेबसाइट उघडे. नाणे शतकानुशतके टिकायला घडवतात. प्रसंगासाठी केलेली वेबसाइट किती वर्षे सांभाळतात, ते ज्याने महोत्सवाची किंवा संमेलनाची वेबसाइट केली आहे त्याला विचारावे.

केचपची गोष्ट याहून झणझणीत आहे. जर्मनीत हाइन्झ कंपनीने बाटलीचे लेबल स्वतः सजवा अशी योजना काढली होती आणि त्यासाठी घेतलेल्या वेबसाइटचा कोड बाटल्यांवर छापला होता. योजना २०१४ मध्ये संपली, डोमेनचे नूतनीकरण कोणी केले नाही, आणि तो पत्ता अश्लील चित्रफितींच्या धंदेवाल्यांनी उचलला. २०१५ मध्ये एका गिऱ्हाइकाने जेवता जेवता कोड टिपला. पुढे काय उघडले ते जगाला कळले आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. इथे छपाईत, कोडमध्ये, मोबाइलमध्ये काहीच चुकले नव्हते. बाटली फडताळात टिकली आणि पत्ता त्याआधी मेला, एवढेच.

पत्ते मरतात आणि भरपूर मरतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. लांब पत्ता छोटा करून देणाऱ्या सेवांवर भिस्त ठेवावी, तर गूगलने आपली तशी सेवा २०१९ मध्ये नव्या पत्त्यांसाठी बंद केली, २०२४ मध्ये जुने पत्तेही ऑगस्ट २०२५ पासून चालणार नाहीत असे जाहीर केले, आणि ओरड झाल्यावर ऐन वेळी वापरातले पत्ते ठेवायचे ठरवले. गूगलच्या भरवशाची ही कथा, तर ‘फुकट क्यूआर बनवा’ म्हणणाऱ्या साइट्सची काय असेल? त्यांचा धंदा समजून घेण्यासारखा आहे. कोड दोन तऱ्हांनी बनतो. एकात तुमचा पत्ताच थेट कोरलेला असतो. तो कोणी बंद करू शकत नाही, पण तुम्हालाही बदलता येत नाही. दुसऱ्यात त्या सेवेचा पत्ता असतो आणि ती वाचकाला तुमच्या पानावर धाडते. हा बदलता येतो, किती जणांनी टिपला, कोणत्या शहरातून, कोणत्या मोबाइलवरून तेही कळते. पण चाचणीची मुदत संपली की वाचकाला ‘हा कोड आता चालू नाही’ अशी पाटी दिसते आणि तुम्हाला वर्गणीचा निरोप येतो. तोवर स्मरणिका छापून, वाटून, घरोघर पोचलेली असते. पैसे भरता की गप्प बसता, एवढाच पर्याय उरतो. दीक्षाने वापरली ती रीतही या दुसऱ्या तऱ्हेचीच. फरक इतकाच की तिथे मधला पत्ता पुस्तक काढणाऱ्या व्यवस्थेच्याच हाती आहे, कोणा तिऱ्हाइताच्या नाही.

कागद आधी संपतो की पान, या कसोटीवर लग्नपत्रिका शंभर टक्के पास होते. कार्यालयाचा नकाशा दाखवणारा कोड लग्नाच्या दुपारपर्यंत चालला की काम झाले. दुसऱ्या दिवशी पत्रिकाही रद्दीत जाते. वर्तमानपत्रातल्या बातमीखालचा व्हिडिओचा कोड जवळपास तसाच. घराच्या जाहिरातीचे पान सरकारी नोंदवहीत असते, जाहिरातीहून ते कितीतरी जास्त टिकेल. गोची होते ती दिवाळी अंक, गौरवग्रंथ, गावाचा इतिहास, संशोधनाची पुस्तके यांची. दिवाळी अंक वाचनालयात वर्षभर फिरतो, मग बांधून कपाटात जातो, आणि वीस वर्षांनी एखादा अभ्यासक तो मागवतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ठिकाणी पाठवायच्या असतात. म्हणजे कोड छापलेला कागद सरकार जपून ठेवते. कोडपलीकडची मुलाखत, नकाशा, परिशिष्ट मात्र एखाद्या क्रेडिट कार्डाच्या मुदतीवर लटकलेले असते. हल्ली संदर्भसूची ‘कोडवर पाहा’ म्हणून पुस्तकाबाहेर काढायची टूम निघाली आहे. कागद वाचतो हे खरे. पुस्तकाचा कणा मात्र बाहेर राहतो.

पुस्तकाबाहेरचे सोडा, पाकिटावरची माहितीही अशीच पलीकडे सरकते आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक वस्तूंना वर्षभरासाठी काही सक्तीचे तपशील वेष्टनाऐवजी कोडमधून द्यायची मुभा दिली. किंमत आणि तक्रारीचा फोन-ईमेल मात्र वेष्टनावरच ठेवायला लावले, हे बरे केले. दुकानातला बारकोडही लवकरच असा चौकोन होऊ घातला आहे: किमतीसाठी गल्ल्यावर आणि माहितीसाठी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर एकच कोड चालावा, अशी तयारी बारकोडची जागतिक संस्था जीएस१ हिने २०२७ चे वर्ष डोळ्यांपुढे ठेवून चालवली आहे. सोय मोठी आहे. पण साधा मोबाइल वापरणारी आजी कोडपलीकडचे काहीही वाचू शकणार नाही, ही गैरसोयही तितकीच मोठी. दृष्टिहीनांना तर कोड पाकिटावर नेमका कुठे आहे हेच समजत नाही. दुरून, नेम न धरता वाचता येणारा ‘नॅव्हिलेन्स’ हा रंगीत कोड स्पेनमध्ये निघाला तो त्यासाठी.

फसवणुकीबद्दल थोडे. छापलेला कोड पानावर असतो तोवर बराच सुरक्षित, कारण अख्खी आवृत्ती कोणी बदलत नाही. भिंतीवरचा, टपरीवरचा, पार्किंगच्या खांबावरचा कोड मात्र एका स्टिकरने बदलतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओ शहरांत २०२१-२२ च्या सुमारास पार्किंगच्या यंत्रांवर असे स्टिकर सापडले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत भामट्यांनी रातोरात अनेक दुकानांच्या पैसे घेण्याच्या कोडवर आपले कोड चिकटवले. चौकोन माणसाला वाचता येत नाही, हीच चोराची सोय. म्हणून कोडखाली पत्ता साध्या अक्षरांत छापायला हवा. मोबाइल उघडण्याआधी दाखवतो तो पत्ता आणि छापलेला पत्ता जुळतो का, हे वाचक पाहू शकतो. कॅमेरा नसलेला माणूस तो टाइप करू शकतो. आणि पान मेले तरी इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी जुन्या पत्त्यावरून त्याची प्रत शोधता येते. नुसत्या चौकोनाखाली ‘अधिक माहितीसाठी स्कॅन करा’ एवढेच लिहिणाऱ्यांनी, उघडल्यावर काय मिळणार हेही चार शब्दांत लिहावे. तीन मिनिटांचा व्हिडिओ आहे की वीस पानांची पीडीएफ, हे डेटा मोजून वापरणाऱ्याला आधी कळायला नको का?

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना एवढेच सुचवावेसे वाटते: कोडखाली गोळ्यांच्या पाकिटावर असते तशी मुदतीची तारीख छापा. ‘हे पान डिसेंबर २०३५ पर्यंत उघडेल’ असे लिहायची हिंमत नसेल, तर तो मजकूर अंकातच घ्या, किंवा सोडून द्या. डोमेन स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्यावे, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नव्हे. त्याचे वर्षाचे भाडे हजार-दीड हजार रुपयांच्या घरात असते आणि एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येते. अंकाचे अंदाजपत्रक करताना ही रक्कम जाहिरातीच्या खात्यावर न टाकता कागद, छपाई, बांधणी यांच्या ओळीत धरावी.